चिंचोक्याचे वाघ

स्नेहलच्या लग्नाचं वऱ्हाड शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मधे अडीच तास अडकून पडलं आणि साडेबाराच्या अक्षता तीन वाजून गेल्यावर पडल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मांडव उतरून चार महिने झाले होते, आणि नवरीचे आजोबा रखमाजी, वय बहात्तर, सप्टेंबरातल्या एका सकाळी शिक्रापुरातल्याच आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे उकिडवे बसून खडे शोधत होते. अठरा खडे हवे होते. पंधरा एका तऱ्हेचे, तीन दुसऱ्या तऱ्हेचे. अर्धा तास झाला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि हाती आलं होतं ते एक बाटलीचं झाकण, एक गंजका स्क्रू आणि सिमेंटचं एक ढेकूळ, जे चिमटीत धरल्याबरोबर फुटलं. जमीन म्हणून जी काही होती ती सगळी लाल-करड्या ठोकळ्यांनी झाकलेली. ठोकळ्यांच्या फटीत बोट घालून पाहिलं तर फटीतही सिमेंटच. गेटवरचा बिहारी वॉचमन काठी टेकत आला आणि त्यांच्या डोक्यावर उभा राहिला.

"दादाजी, क्या गिर गया?"

"काय गिरा न्हाई. पत्थर पायजे."

"पत्थर? काहे को?"

"खेलने को."

वॉचमनने मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिथं अनुपमा, रखमाजींची सून, कपडे वाळत घालत होती. हे तिला सांगावं की नाही, असा विचार त्याच्या तोंडावर सरळ दिसत होता. मग त्याने काठीने शेजारची अर्धवट इमारत दाखवली. "उधर बहुत पड़ा है."

उधर खरंच खूप होतं. खडीचा ढीग पुरुषभर उंच. रखमाजी त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. एवढा डोंगर फोडून आणला होता कुणीतरी, आणि त्यात एक खडा धड नव्हता. सगळे मशिनीतून निघालेले, सगळे करडे, सगळ्यांना सारख्याच धारा, पाळी सुटल्यावर कंपनीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या एका कपड्यातल्या माणसांसारखे. यातला वाघ कुठला आणि बकरी कुठली? त्यांनी एक उचलला, बोटाला खरचटलं, फेकून दिला. जन्मात कधी खडे शोधायची वेळ आली नव्हती. खडे असायचेच. पट तर कुठंही होता, पारावर, घाटाच्या पायऱ्यांवर, चावडीच्या ओट्यावर, कुणी कधी कोरून ठेवलाय ते कुणालाच माहीत नसायचं. नसला तर कोळशाने आखायचा. खाली वाकलं की पायाशी पांढऱ्या गारगोट्या आणि काळे खडे. खेळाचं सामान बरोबर घेऊन हिंडायचं असतं हे त्यांच्या डोक्यातसुद्धा कधी आलं नव्हतं. आता ते सामान जमवायला बसले होते आणि जमत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा आधी हसला असता.

त्यांचं गाव तळेगाव ढमढेरे, शिक्रापूरपासून हाकेच्या अंतरावर, पण तिसऱ्या मजल्यावरून ते लांब वाटायचं. ओढ्याकाठच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, तोवर वाघ हिंडतच असतात. बकरीच्या पलीकडचं घर मोकळं दिसलं की वाघ उडी मारतो आणि बकरी जाते. बकऱ्यांनी तिन्ही वाघांना कोंडलं, हलायला जागा ठेवली नाही, की वाघ हरले. पायरीखाली दगडात एक खोबण होती, तिच्यात अठरा खडे कायमचे असत. खेळ झाला की तिथंच ठेवायचे. घरी न्यायचे नाहीत. हा नियम कुणी केला ते ठाऊक नव्हतं, पण तो पाळायला लावणारी त्यांची थोरली बहीण होती, अनसाबाई, सात वर्षांनी मोठी. एकदा रखमाजींनी एक गुळगुळीत गारगोटी चड्डीच्या खिशात घालून घरी आणली, तर तिने जेवणावरून उठवून ती परत ठेवायला लावली होती. पानात आमटी होती. परत येईस्तोवर आमटीवर साय धरली होती, ती साय अजून त्यांच्या जिभेवर होती.

ही आक्का दौंडला दिली. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ईश्वरही रेल्वेत, लाइनीपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. स्नेहलच्या लग्नात आक्का त्या अडकलेल्या गाडीत अडीच तास बसून होती आणि खिडकीतून ट्रकवाल्यांना शिकवत होती की गाडी कशी मागे घ्यावी. त्यानंतर सोळाव्या दिवशी सकाळी चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, ती उजव्या अंगावर कोसळली. तोंड थोडं वाकडं झालं ते महिन्याभरात बरंचसं सरळ झालं. पाय धरून धरून टाकू लागली. उजवा हात मात्र तिने सोडून दिला. डॉक्टरांनी ईश्वरला सांगितलं होतं की सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं, नंतर फार काही येत नाही, म्हणून हात सारखा वापरला पाहिजे. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. आक्काने तो डाव्या हाताने उचलून खिडकीबाहेर टाकला. दुसरा आणला, तोही टाकला. "मामा, तुम्ही सांगा तिला काही," ईश्वर फोनवर म्हणाला. "हात मांडीवर ठिवती आन् त्याच्याकडं बघत बसती. दुसऱ्या कुनाचा हात हाय जसा."

हे वाक्य रखमाजींच्या डोक्यात शिरलं आणि बाहेर निघेना. दुसऱ्याचा हात. त्याच हाताने तिने त्यांना धपाटे घातले होते, खुरपं धरायला शिकवलं होतं, आणि त्याच हाताने पायरीवर बकऱ्या मांडताना ती खडा आधी हवेत क्षणभर धरायची, समोरच्याला वाटावं की इथं ठेवणार, आणि ठेवायची भलतीकडेच. चेंडू ती दाबणार नाही. चेंडू दाबून काय होतं, कोण हरतं? पण खेळायला बसवली तर हात उचलेल. एवढं त्यांना कळलं होतं, दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं, आणि सहा महिने डिसेंबरच्या मध्याला संपत होते.

पहिल्या खेपेला त्यांनी फार विचार केला नाही, आणि तिथंच चुकलं. रुमालात पंधरा चिंचोके आणि तीन शर्टाची बटणं बांधून ते न्हावऱ्याला गाडी बदलून, चौफुल्याला गाडी बदलून दौंडला पोहोचले. खाटेवर चादरीवर स्नेहलच्या जुन्या स्केचपेनने पट आखला. सृष्टी, ईश्वरची बायको, ती चादर बघून दुसरी काढून ठेवायला आत गेली. आक्का उशीला टेकून बसली. तिचे शब्द अर्धे गिळले जात, पण टोमणा पुरा पोचायचा.

"ह्ये काय आनलंस?"

"बकऱ्या."

"बटनं दिसत्यात."

"बटनं वाघ हायती. चिंचोके बकऱ्या. मांड."

तिने मांडीवरचा हात पाहिला. खूप वेळाने तो चादरीवर घसटत आला. बोटं चिंचोक्यावर आली, चिंचोका सरकला, गादीच्या खळग्यात गेला, त्याच्यामागून आणखी चार गेले. गादीच मधे दबलेली. पट हलला की खेळ हलत होता. तिने पुन्हा बोटं नेली, पुन्हा चिंचोका निसटला. रखमाजी न राहवून म्हणाले, "डाव्या हातानं घे की." झालं. तिने हात ओढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं, आणि ते निघेपर्यंत वळली नाही. रखमाजी चिंचोके वेचत राहिले. एक सापडला नाही.

म्हणून मग हे सगळं सुरू झालं. खडे असे हवेत की गादीवर लोळणार नाहीत. असे की अधू बोटांत मावतील. असे की एकमेकांपासून नजरेला वेगळे दिसतील, कारण तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यात हट्ट. आणि असे की पिशवीत घालून तीन गाड्या बदलून नेता येतील. रखमाजींनी वहीत हे सगळं लिहून काढलं. अक्षर त्यांना चाळिशीत आलं होतं, रात्रीच्या वर्गात, आणि अजून ते अक्षर लिहीत नसत, लावत, रोप लावल्यासारखं, दोन्हींत वीतभर अंतर ठेवून. आक्काला वहीचा भारी राग. तिचं म्हणणं, तू अक्षरं शिकलास आणि खेळ विसरलास, आता चाल खेळायच्या आधी तू यादी करतोस. असेल. पण यादीशिवाय पंधरा बकऱ्या जमत नव्हत्या त्याला काय करायचं?

घरात हे लपणं शक्य नव्हतं. त्यांचा मुलगा विनोद कारेगावच्या बाजूला कंपनीत होता. त्याने ओळखीच्या भंगारवाल्याकडून प्लास्टिकची टोपणं आणली, मूठभर. सगळी काळी.

"अरे सगळी काळी हायती."

"आबा, कंपनी काळीच बनवती."

"मग वाघ कुठनं आनू?"

"मार्कर मारा ना तीनवर."

मार्कर मारला, तो पुसला गेला, बोटांना लागला, बोटांचा सोफ्याला लागला. मग अनुपमाने मोबाइलवरून मागवलेलं एक खोकं आलं. घडी होणारा बुद्धिबळाचा पट, खाली लोहचुंबक, प्रवासात खेळण्यासाठी. तिने प्रेमाने मागवलं होतं हे रखमाजींना कळत होतं, आणि तेच जास्त जाचत होतं, कारण चिडायची सोय उरत नव्हती. घोडे, उंट, हत्ती, नखाएवढे. आक्काच्या बोटांत उंट धरला जाणार होता म्हणे.

"पण हलत नाहीत आबा, बघा ना, चिकटून बसतात," अनुपमा पट उलटा करून दाखवत म्हणाली.

"चांगलंय," रखमाजी म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या चौकाकडे रांगेत उभ्या. कुणीच हलत नव्हतं. तेही चिकटूनच बसले होते. त्यांना वाटलं, आपल्याला हवं ते अगदी साधं आहे, इतकं साधं की ते कुठल्याच दुकानात नाही, आणि मागावं तर नाव नाही त्याला. दुकानात जाऊन काय म्हणायचं, मला अठरा नुसत्या वस्तू द्या?

त्या चिडचिडीतून एक गोष्ट मात्र चांगली निघाली. वहीत आकडे मांडता मांडता त्यांच्या ध्यानात आलं की नवकंकरीलाही अठराच लागतात. नवकंकरी म्हणजे दोघांचे नऊ-नऊ खडे, तिघांची ओळ लावायची. नऊ आणि नऊ अठरा. पंधरा आणि तीन अठरा. म्हणजे नऊ काळे घ्यायचे, सहा पांढरे, आणि तीन वेगळ्या घडणीचे. वाघ-बकरीला काळे-पांढरे मिळून पंधरा बकऱ्या, वेगळे तीन वाघ. नवकंकरीला काळे नऊ एकाचे, पांढरे सहा आणि वेगळे तीन मिळून दुसऱ्याचे नऊ. एका पिशवीत दोन खेळ. नऊ, सहा, तीन. त्यांनी ते आकडे वहीत मोठे लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. आयुष्यात एवढी नेटकी गोष्ट त्यांच्या हातून झाली नव्हती. विनोदला सांगितली. तो म्हणाला, "भारी," आणि शूज घालून गेला.

चकत्या करायच्या ठरल्या. बाभळीच्या काळपट नऊ, लिंबाच्या पांढऱ्या सहा. जुन्या कुऱ्हाडीचा दांडा गावातल्या घरात पडून होता, तो त्यांनी काढला. तळेगावात सुदर्शन नावाचा सुतार होता, मशिनीवर दारं-खिडक्या करायचा. रखमाजींनी त्याला चकत्यांची जाडी बोटाने दाखवली, अर्धं बोट. आणि वाघ? वाघांचा त्यांनी रात्रंदिवस विचार केला होता. पंधरा बकऱ्या मांडणं आक्काच्या हाताला झेपणार नाही, तेव्हा तिला वाघ द्यायचे. तीनच असतात, मांडायचे नसतात, नुसते सरकवायचे. म्हणून वाघ चांगले मुठीत धरण्यासारखे, जाड, मधे कंबर कोरलेली. बकऱ्या आपण घेऊ. त्यांना हे इतकं बरोबर वाटलं होतं की त्यांनी त्यावर फिरून विचारच केला नाही.

"आप्पा, अठरा चकत्यांसाठी मशिन चालू करू व्हय?" सुदर्शन म्हणाला. "दिवाळीच्या तोंडावर माझ्या डोक्यावर चार घरांची दारं हायती."

"दारं उद्या कर. लोकं झोपत्यात की दाराबिगर चार दिस."

"आन् ह्ये वाघ कसलं? खाटंचं पाय वाटत्यात."

"तू कर."

भाऊबीजेला ते दौंडला गेले. पिशवी आक्काच्या साडीच्या खोक्यावर ठेवलेली, आत अठरा चकत्या आणि प्लायवुडचा तुकडा, त्याच्यावर पट आखलेला, गादीचा खळगाही आता काही करू शकणार नव्हता. ओवाळायचं ताट आक्काला धरवत नव्हतं. सृष्टीने एका बाजूने धरलं, आक्काने डाव्या हाताने दुसरी कड धरली. निरांजन त्यांच्या तोंडाभोवती वेडंवाकडं फिरलं. ओवाळणी म्हणून रखमाजींनी साडी ठेवली, आणि साडीच्या शेजारी, तिच्या उजव्या हातापाशी, ते तीन वाघ नेऊन ठेवले.

"ह्ये काय?"

"वाघ. तू वाघ घे आक्का. तीनच हायती, उचलायला सोपं. बकऱ्या मी घेतो."

बाहेर कुठंतरी डबे एकमेकांना जोडल्याचा दणका आला, आणि दुसरा, आणि तिसरा. मग ती म्हणाली, "म्हंजी आता मी ल्हान."

"तसं न्हाई गं."

"मग कसं? वाघ कुनाला देत्यात? ज्याला खेळता येत न्हाई त्याला देत्यात. तू बारका हुतास, तुला बकऱ्या झेपत नव्हत्या, म्हनून मी तुला वाघ दिलं. जल्मभर दिलं. माझं डोकं पडलंय का हात पडलाय, रख्मा?"

"हात पडलाय म्हनूनच तर."

"मग हाताचं बघ. डोक्याला वाघ देऊ नगंस."

आणि एक वाघ खाटेवरून खाली गेला, फरशीवर आपटला, गडगडत कपाटाखाली शिरला. ईश्वर म्हणाला, "आई, मामा एवढ्या लांबनं आल्यात." ती म्हणाली, "त्याला कुनी सांगितलं हुतं?" सृष्टीने ताट उचलून नेलं. रखमाजींनी बासुंदी खाल्ली, कशी होती ते त्यांना कळलं नाही, आणि दुपारच्या गाडीने निघाले.

गाडीत त्यांचं पित्त खवळलं होतं. दोन महिने. भंगार धुंडाळलं, सुताराच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, गुडघे घासले, वॉचमनच्या नजरेतून उतरलो, आणि ही म्हणते कुणी सांगितलं होतं. खरंच कुणी सांगितलं होतं? पारगावच्या पुलावर गाडी मंद झाली. खाली भीमेचं पाणी, कडेने उसाचे पट्टे, एक मोटार पाण्यात पाइप सोडून घरघरत होती. आणि त्यांना ताट दिसलं. सृष्टीच्या हातातलं ताट, एक कड सृष्टीकडे, दुसरी कड आक्काच्या डाव्या हातात. वाघ खाली गेला तेव्हा डावा हात ताटाला होता. सृष्टीने ताट नंतर नेलं. म्हणजे वाघ कुठल्या हाताने गेला? त्यांनी डोळे मिटून ते पुन्हा पाहिलं. बोटं वाघाच्या कंबरेभोवती मिटली होती. हात चार बोटं वर उचलला गेला होता. मग सुटला होता. फेकलं नव्हतं तिने, फेकायला जोर कुठं होता, पण धरलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. तिनेही नाही. रागाच्या भरात ती विसरली होती की तो हात दुसऱ्याचा आहे.

शेजारच्या माणसाने विचारलं, "बाबा, काय होतंय का?" रखमाजी म्हणाले, "न्हाई, न्हाई," आणि डोळे पुसले, आणि लगेच पुन्हा चिडले, कारण आता सुदर्शनकडे परत जावं लागणार होतं.

सुदर्शनने करवत खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"परत?"

"बकऱ्या जाड पायजेत. वाघाएवढ्या. कंबर कोरून."

"पंधरा?"

"पंधरा. नऊ बाभळीच्या, सहा लिंबाच्या."

"आन् मग वाघ केवढं करायचं? नारळाएवढं?"

"वाघ नकोत. वाघाला चिंचोके घेतो."

सुदर्शनने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं वॉचमनने पाहिलं होतं. "आप्पा, बकऱ्या एवढाल्या आन् वाघ चिंचोक्याएवढं. ह्यो कसला खेळ म्हनायचा?"

"वाघ माझं हायती," रखमाजी म्हणाले. "माझ्या हाताला काय झालंय?"

पहिले तीन वाघ घरी राहिले. कपाटाखालचा ईश्वरने काढून दिला होता. त्यांतला एक अनुपमाने गॅलरीच्या दाराला लावला, वाऱ्याने दार आपटायचं ते थांबलं. नवीन पिशवी उचलायला जड झाली. बरोबर नेता येईल असं सामान करायचं म्हणून सुरुवात केली होती, आणि आता तीन गाड्या बदलताना खांदा निखळत होता. न्हावऱ्याला एका जीपवाल्याने विचारलं, "बाबा, वजनं आहेत का?" छातीत जरा भरून आल्यासारखं झालं, ते खाली पिशवी ठेवून उभे राहिले, आणि जीपवाल्यावर चिडले, पिशवीवर चिडले, मग पुढे निघाले.

तो रविवार होता, दहा डिसेंबर. आक्काने पिशवीतून एक चकती काढायला लावली, डाव्या हाताने उलटसुलट केली.

"ह्या काळ्या आन् त्या पांढऱ्या कशापायी? बकऱ्या हायती ना सगळ्या?"

रखमाजींनी नऊ, सहा, तीनचं सगळं सांगितलं, नवकंकरीसकट. हे तरी तिने वाखाणावं असं त्यांना फार वाटत होतं. ती म्हणाली, "एका कळपात काळ्या-पांढऱ्या असत्यातच. मी राखल्यात." बस, एवढंच. मग तिने प्लायवुडकडे पाहिलं, तीन चिंचोक्यांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाची सरळ झालेली बाजू किंचित वर गेली.

"वाघ बारीक झाल्यात तुझं."

"मांड."

पहिली बकरी मांडायला किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही. हात घसटत आला, बोटं उघडली, मिटली, चुकली. सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ईश्वर काही बोलायला गेला, रखमाजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बाहेर गेला. बोटं कंबरेत बसली. बकरी उचलली गेली, पटावर हवेत क्षणभर थरथरत राहिली, रखमाजींना वाटलं खालच्या कोपऱ्यात ठेवणार, आणि ती ठेवली गेली मधल्या रेघेवर. त्यांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी चिंचोका एक घर सरकवला. दुसरी बकरी. तिसरी. मधे चहा झाला, मधे ती थकून डोळे मिटून बसली, मधे शेजारची बाई साखर मागायला आली आणि बघत उभी राहिली. दुपार कलली तोवर अकरा बकऱ्या लागल्या होत्या. अकरावी ठेवल्यावर हात पटाच्या कडेवरच पडून राहिला, आणि तिने तो तिथंच असू दिला.

"आता ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी पाळी हाय. फुडल्या रव्वारी ये."

रखमाजींनी खिशातून वही काढली, कुठली बकरी कुठं आहे ते लिहून घ्यायला.

"ती वही ठिव आत."

"अगं पन सामान उचलल्यावर कसं ध्यानात ऱ्हाईल?"

"सामान कोन उचलतंय?"

"म्हंजी? मी घिऊन जातो की. पिशवी आनलीय."

"खडं घरी न्यायचं न्हाईत," आक्का म्हणाली. "जिथं खेळ, तिथं खडं. ठाव न्हाई व्हय तुला?"

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. टोपणं, बटणं, लोहचुंबक, कुऱ्हाडीचा दांडा, सुदर्शनची बोलणी. हे सगळं एका पिशवीत घालून कुठंही नेता यावं म्हणून. आणि आता ते कुठंही जाणार नव्हतं. ईश्वरने फळी जशीच्या तशी सपाट उचलून खाटेखाली सरकवली. उरलेल्या चार बकऱ्या पिशवीत राहिल्या, पिशवी खाटेच्या पायाशी. रखमाजी रिकाम्या हातांनी दारात आले. आक्का मागून म्हणाली, "आता कसं हलकं वाटंल." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कारण आपण हसतोय हे तिला दिसू द्यायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी डोळे मिटून पट आठवला. वहीशिवाय आठवत नाही असं वाटत होतं, पण एकेक बकरी येऊन आपापल्या घरात उभी राहिली. आणि चौफुल्याच्या अलीकडे त्यांना ते दिसलं. डाव्या अंगाची लिंबाची बकरी एकटी होती. तिच्या पलीकडचं घर मोकळं. एक उडी, आणि बकरी सरळ मिळत होती. आक्का असं घर मोकळं ठेवत नसे. त्यांनी पुन्हा पाहिलं, उडी मारल्यावर वाघ कोंडला जातो का ते पाहिलं. जात नव्हता. सापळा नव्हता. नुसती ठेवलेली बकरी. पायरीवर ते सात वर्षांचे असताना, हरून हरून रडायला आले की, ती अशीच एक बकरी ठेवायची, आणि त्यांनी ती मारली की कपाळावर हात मारून घ्यायची. ते खरं नव्हतं हे त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं होतं. आणि आता, हात पडलेला, एकेका बकरीला पंधरा मिनिटं लागलेली, तरी तिने त्या लिंबाच्या चकतीला तेवढ्या लांब नेऊन ठेवलं होतं. त्यांचा असा संताप झाला की त्यांनी पुढच्या बाकाच्या दांडीवर मूठ आपटली. बहात्तर वर्षांचा झालो. नात उजवली. कधी मोठं करणार ही मला?

ती बकरी ते मारणार नव्हते. हे त्यांनी पारगावच्या पुलावर ठरवलं. तिला तशीच सोडून पटाच्या शेंड्यावरचा वाघ एक घर खाली आणायचा, आणि तिच्याकडे बघून म्हणायचं, आक्का, तुझा हात पडलाय, डोकं न्हाई पडलं, तवा नीट खेळ. हे वाक्य त्यांनी घरी पोहोचेपर्यंत चार-पाच वेळा मनात म्हणून पाहिलं. सोमवारी गॅलरीतही म्हटलं. अनुपमाने विचारलं, "काही म्हणालात आबा?" ते म्हणाले, "तुला न्हाई." बुधवारी त्यांनी ईश्वरला फोन करून विचारलं, फळी कुणी हलवली नाही ना. ईश्वर म्हणाला, "मामा, आई हात लावू देत न्हाई कुनाला."

फळी अजून खाटेखाली आहे. अकरा बकऱ्या मांडलेल्या, चार पिशवीत, डाव्या अंगाची लिंबाची बकरी जिवंत. केर काढताना फळी सपाट उचलावी लागते, तेव्हा एक बाजू सृष्टी धरते आणि दुसरी आक्का धरते, उजव्या हाताने. पाळी वाघाची आहे. रखमाजी गुरुवारी, चौदा डिसेंबरला, सकाळी सात वाजता शिक्रापुरात राहत्या घरी वारले.